लॉहबवरचं एलसॅटचं लॉजिकल रीझनिंग: निष्कर्ष ओळखायला शिकायचं असेल तर घ्याच

आधीच सांगून टाकते, लॉहबचं, म्हणजे एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच सरावाच्या पोर्टलचं, पैसे भरून मिळणारं खातं मला आवडलंय आणि ज्यांना अमेरिकेत लॉ स्कूलला जायचंय त्यांनी ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण हा सगळ्या लॉहबचा रिव्ह्यू नाहीये. मी फक्त लॉजिकल रीझनिंगबद्दल, म्हणजे त्या परीक्षेतल्या युक्तिवादांच्या सेक्शनबद्दल लिहितेय आणि त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल, ती म्हणजे समोरच्या चार-पाच वाक्यांमधला निष्कर्ष नेमका कुठला हे ओळखणं. एवढंसं काय त्यात असं वाटेल, पण त्या सेक्शनमधले बरेचसे प्रश्न यावरच उभे असतात. युक्तिवाद कशाने कमकुवत होतो, कशाने बळकट होतो, त्यात काय गृहीत धरलंय, चूक कुठे आहे, हे सगळं विचारतात ते निष्कर्षाच्या संदर्भात, आणि निष्कर्षच चुकीचा धरला तर पुढचा सगळा विचार बरोबर करूनही उत्तर चुकतं.

ज्यांना एलसॅट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही अमेरिका-कॅनडातल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, पहिल्यांदा १९४८ मध्ये झाली, एलसॅक नावाची संस्था घेते आणि मार्क १२० ते १८० मध्ये येतात. आधी त्यात लॉजिक गेम्स नावाचा एक सेक्शन असायचा, कोण कोणाच्या शेजारी बसलंय, कुठला ट्रक कुठल्या दिवशी गेला टाइप कोडी. एका अंध परीक्षार्थीने त्यावर कोर्टात दाद मागितली होती, कारण ती कोडी सोडवायला आकृत्या काढाव्या लागतात, त्यात २०१९ ला तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो सेक्शन गेला. आता मार्क मिळणारे तीन सेक्शन, दोन लॉजिकल रीझनिंगचे आणि एक रीडिंगचा, शिवाय एक चौथा ज्याचे मार्क धरत नाहीत पण तो कुठला हे आपल्याला सांगत नाहीत, त्यामुळे चारही मन लावून द्यावे लागतात. प्रत्येक ३५ मिनिटांचा. म्हणजे हिशोब बघा, मार्कांच्या तीन सेक्शनपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे, आणि एका सेक्शनमध्ये साधारण २४ ते २६ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत एवढाच दिलासा.

लॉहब हे एलसॅकचंच पोर्टल आहे. फुकट खातं उघडलं तर मोजक्या पूर्ण टेस्ट मिळतात, आणि लॉहब ॲडव्हान्टेज, म्हणजे ते पैसे भरायचं खातं, घेतलं की पन्नासहून जास्त जुन्या खऱ्या टेस्ट उघडतात, १०१ पासून पुढे नंबर दिलेत आणि नव्या फॉरमॅटप्रमाणे गेम्स काढून पुन्हा लावल्यात. मी घेतलं तेव्हा वर्षाला १२० डॉलर होते, म्हणजे आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास. मी इथे न्यू जर्सीत नोकरी करत करत तयारी करतेय, रात्री मुलं झोपल्यावरच वेळ मिळतो, त्यामुळे क्लासला जाऊन बसणं मला शक्यच नव्हतं आणि हे सोयीचं पडलं.

आता मुद्द्यावर येते. निष्कर्षाचा प्रश्न म्हणजे एक छोटा उतारा देतात, आणि विचारतात की या युक्तिवादाचा मुख्य निष्कर्ष खालीलपैकी कशात सगळ्यात अचूक आलाय, आणि पाच ऑप्शन. इथे आपल्याकडून आलेल्या लोकांचा एक मोठा गोंधळ होतो आणि तो मी बऱ्याच जणांमध्ये बघितलाय. आपण बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षांमध्ये विधाने आणि निष्कर्ष सोडवून मोठे झालोय, सर्व पेन वही आहेत, काही वह्या पुस्तकं आहेत, तर मग खालीलपैकी कुठला निष्कर्ष निघतो. तिथे निष्कर्ष आपण काढायचा असतो, तो दिलेला नसतो. एलसॅटच्या या प्रश्नात निष्कर्ष लेखकाने आधीच काढून ठेवलेला असतो, त्या उताऱ्यातच कुठेतरी लिहिलेला असतो आणि आपल्याला तो फक्त शोधायचाय. आपल्या डोक्याने एक पाऊल पुढे टाकलं की गेला प्रश्न. आपण काढायचे निष्कर्ष एलसॅटमध्येही असतात, पण तो वेगळा प्रकार, तिथे विचारतात की वरचं सगळं खरं धरलं तर काय खरं असलंच पाहिजे किंवा कशाला सगळ्यात जास्त आधार मिळतो. हे दोन प्रकार डोक्यात वेगळे ठेवणं ही अर्धी तयारी आहे.

मूळ प्रश्न कॉपीराइटचे आहेत त्यामुळे ते इथे देत नाही, मी तशाच धर्तीवर मराठीत बनवलेत, त्यातून कल्पना येईल की ते प्रश्न कसे विणलेले असतात.

समजा असा उतारा आहे: गावातल्या शेतकऱ्यांनी यंदाचा उन्हाळ कांदा काढल्या काढल्या विकून टाकावा. काढणीच्या वेळी पाऊस लागला आणि भिजलेला कांदा चाळीत लवकर सडतो, त्यामुळे हा माल पावसाळाभर टिकायचा नाही.

यात निष्कर्ष कुठला? बहुतेक जण त्यामुळे हा शब्द बघतात आणि झटकन म्हणतात की माल टिकायचा नाही हा निष्कर्ष. तोही एक निष्कर्ष आहेच, खोटं नाही, पाऊस लागला आणि भिजलेला कांदा सडतो या दोन गोष्टींवरून तो काढलाय. पण लेखक तिथे थांबलेला नाही, माल टिकायचा नाही म्हणून लगेच विका हे त्याला सांगायचंय, आणि ते त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय, त्याच्या आधी म्हणून नाही, त्यामुळे नाही, काही नाही. मधला जो असतो त्याला तयारी करणारे लोक इंटरमीजिएट कन्क्लुजन म्हणतात, मी आपलं मधला निष्कर्ष म्हणते. खालून त्याला आधार मिळतो आणि तो वरच्याला आधार देतो. एलसॅटवाल्यांना हा प्रकार फार आवडतो, मुख्य निष्कर्ष सुरुवातीला उघडा-बोडका ठेवायचा आणि खूणगाठीचा शब्द मधल्याला लावायचा. जो फक्त शब्द शोधत वाचतो तो इथेच अडकतो.

याचे ऑप्शन ते कसे देतील ते बघा. एक, भिजलेला कांदा चाळीत लवकर सडतो. हा नुसता आधार. दोन, यंदाचा कांदा पावसाळाभर टिकणार नाही. हा मधला. तीन, कांदा चाळीत साठवणं शेतकऱ्याच्या फायद्याचं नसतं. हे लेखक बोललाच नाही, तो फक्त यंदाच्या भिजलेल्या मालाबद्दल बोलतोय. चार, जे शेतकरी कांदा साठवतील त्यांचं नुकसान होईल. हा ऑप्शन सगळ्यात वाईट, कारण वाचून असं वाटतं की हो की, हेच तर म्हणायचंय त्याला, पण ते त्याने म्हटलेलं नाही, आपण त्याच्या बोलण्यावरून ताणून काढलंय. आणि पाच, गावातल्या शेतकऱ्यांनी या हंगामाचा कांदा साठवून न ठेवता विकणं योग्य ठरेल. हे उत्तर, शब्द बदललेत पण म्हणणं तेच.

चुकीचे चारही ऑप्शन चार वेगवेगळ्या कारणांनी चुकीचे आहेत, आणि खऱ्या टेस्टमध्ये हेच पुन्हा पुन्हा येतं. नुसता आधार, मधला निष्कर्ष, प्रमाणाबाहेर मोठं केलेलं विधान, आणि लेखकाने न केलेलं पण पटणारं विधान. पाचवा एक प्रकार असतो, विरोधकाचं मत, त्याच्याकडे येतेच. हे ओळखीचे झाले की ऑप्शन वाचायचा वेग खरंच वाढतो कारण तुम्ही ऑप्शन आवडतोय का हे बघत नाही, तो या चार-पाचांपैकी कुठल्या जातीचा आहे हे बघता.

अजून एक, निफाडकडचे माझे काका हा उतारा ऐकून पहिल्यांदा विचारतील की भाव काय चाललाय ते सांग, भाव पडलेले असताना काढल्या काढल्या विकायचा म्हणजे काय. आणि त्यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण तो युक्तिवाद कमकुवत करण्याच्या प्रश्नात कामाला येतो, निष्कर्षाच्या प्रश्नात नाही. निष्कर्ष ओळखताना लेखक बरोबर आहे की चूक याच्याशी आपला संबंध नाही, आपल्याला पटत नसलेला निष्कर्षसुद्धा निष्कर्षच असतो. वादात रमणाऱ्या माणसाला हे पाळायला जड जातं, कारण आपण वाचता वाचता मनात उत्तर द्यायला सुरुवात करतो आणि मग ऑप्शनमध्ये आपल्या मताच्या जवळचं काय आहे ते शोधतो.

दुसरा नमुना. एसटीच्या बऱ्याच प्रवाशांचं म्हणणं आहे की या मार्गावर गाड्या वाढवल्या की सकाळची गर्दी कमी होईल. पण तसं होणार नाही. नव्या गाड्यांसाठी मिळालेले चालक फक्त दुपारच्या पाळीचे आहेत, आणि सकाळच्या गाड्या आहेत तेवढ्याच राहणार आहेत.

इथे निष्कर्ष तीन शब्दांचा आहे, तसं होणार नाही. ते तसं म्हणजे काय हे मागच्या वाक्यातून उचलून आणायचं. पूर्ण निष्कर्ष असा: गाड्या वाढवूनही या मार्गावरची सकाळची गर्दी कमी होणार नाही. हा साचा एलसॅटमध्ये इतका येतो की लॉहबवर दोन-चार टेस्टचे सेक्शन सोडवले की आपोआप डोळ्यात बसतो, आधी काही लोक असं म्हणतात, मग पण, मग लेखकाचा नकार, मग कारणं. पहिलं वाक्य दुसऱ्याचं मत असतं आणि ते ऑप्शनमध्ये हमखास सजवून ठेवलेलं असतं. परीक्षेच्या घाईत चौथ्या सेक्शनला डोकं थकलेलं असताना पहिलं वाक्य तेवढं लक्षात राहतं आणि माणूस तेच मारून येतो.

तिसरा नमुना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण यात चांगल्या चांगल्या लोकांची गल्लत होते. जुन्नर भागात ऊसतोड सुरू झाली की बिबट्या दिसल्याच्या बातम्या वाढतात आणि लोक म्हणायला लागतात की बिबट्यांची संख्या वाढली. पण नुसत्या दिसण्यावरून तसं म्हणता येत नाही. उसात बिबट्याला लपायला जागा असते, ऊस तुटला की ती जागा जाते, आणि मग आधीपासून तिथेच असलेले बिबटे उघड्यावर दिसायला लागतात.

लेखकाचा निष्कर्ष काय? संख्या वाढलेली नाही, हा? नाही. लेखक एवढंच म्हणतोय की या पुराव्यावरून संख्या वाढली असं ठरत नाही. संख्या कदाचित वाढलीही असेल, त्याबद्दल तो गप्प आहे. एखादी गोष्ट सिद्ध झालेली नाही म्हणणं आणि ती खोटी आहे म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांना पुढे वकिली करायची आहे त्यांना हा फरक कोर्टात रोज लागणार आहे, आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं नव्हे. एलसॅटच्या ऑप्शनमध्ये दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी असतात, एकात संख्या वाढलेली नाही आणि दुसऱ्यात दिसण्याचं प्रमाण वाढणं हा संख्या वाढल्याचा पुरेसा पुरावा नाही. दोन्ही नकारार्थी, दोन्ही बिबट्यांबद्दलच, घाईत वाचलं तर सारखीच वाटतात.

तसंच बहुतेक, काही, कदाचित, निदान, फार तर या शब्दांचं. निष्कर्षात बहुतेक असेल तर उत्तरातही बहुतेकच्याच ताकदीचं काहीतरी असलं पाहिजे, सर्व आलं की तो ऑप्शन बाद, आणि काही आलं तरी तो अचूक नाही कारण मग तो कमी सांगतो.

माझी पद्धत सांगते, यात नवीन असं काही नाही पण मला ती कामाला आली. उतारा वाचून झाला की ऑप्शनकडे न बघता स्वतःला विचारायचं, या माणसाला मला काय पटवायचंय? मग ते वाक्य उचलायचं आणि म्हणायचं, कशावरून? उताऱ्यात त्याचं उत्तर मिळालं तर ते निष्कर्ष असण्याची शक्यता आहे, नाही मिळालं तर तो आधार किंवा नुसती पार्श्वभूमी. दोन वाक्यांमध्ये अडकलात तर मध्ये म्हणून घालून दोन्ही बाजूंनी वाचायचं. माल टिकायचा नाही, म्हणून लगेच विकावा. बरोबर लागतं. लगेच विकावा, म्हणून माल टिकायचा नाही. कानालाच खटकतं. मी हे मनात मराठीतच करते, उतारा इंग्रजीत असला तरी, आणि ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय त्यांनी बिनधास्त तसंच करावं कारण तर्क ज्या भाषेत पक्का बसलाय त्या भाषेत खटकणं लवकर कळतं. फक्त ऑप्शन निवडताना पुन्हा इंग्रजी शब्द नीट बघायचे.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रात पंचावयव वाक्य सांगितलंय, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी जसं स्वयंपाकघरात, इथेही तसाच धूर आहे, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. म्हणजे जे सिद्ध करायचं ते आधीच बोलून टाकायचं आणि शेवटी पुन्हा बोलायचं. निष्कर्ष शेवटी असतो ही शाळेत निबंध लिहिताना लागलेली सवय आहे, नैयायिक तर पहिल्याच वाक्यात सांगून मोकळे होतात. एलसॅटच्या उताऱ्यात निष्कर्ष पहिला असतो, मधला असतो, शेवटचाही असतो, कधी एका वाक्याच्या अर्ध्या भागात असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याचं कारण. जागेवरून अंदाज बांधूच नका.

आता लॉहब हे सगळं शिकायला कसं उपयोगी पडलं ते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न खरे आहेत, परीक्षेत प्रत्यक्ष विचारलेले. याला किती किंमत आहे हे मला दुसरीकडचे प्रश्न सोडवल्यावर कळलं. त्याआधी मी एका ऑनलाइन क्लासचं रेकॉर्डेड पॅकेज घेतलं होतं, नाव सांगत नाही, त्यात प्रश्न त्यांनीच बनवलेले होते आणि निष्कर्षाच्या प्रश्नात कित्येकदा दोन ऑप्शन बरोबर वाटायचे आणि वाटायचे म्हणजे खरोखरच दोन्हींचं समर्थन करता यायचं. उत्तरात एवढंच लिहिलेलं की हा जास्त योग्य आहे. का योग्य? ते नाही. असे प्रश्न सोडवून नुकसान होतं, कारण तुम्ही उताऱ्याऐवजी प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घ्यायला शिकता. त्या क्लासचं शिकवणंही शब्दांवर होतं, देअरफोर, दस, हेन्स दिसलं की पुढचं वाक्य निष्कर्ष, बिकॉज दिसलं की आधार. कांद्याच्या उदाहरणात त्या नियमाने काय होतं ते वर बघितलंच. शब्दांची मदत घ्यायला हरकत नाही, पण सिन्स कधी कारण सांगतो आणि कधी नुसता काळ सांगतो, आणि फॉर हा तर कारण म्हणून वाक्याच्या मध्ये येतो तेव्हा आपल्या लक्षातच येत नाही, तेव्हा शब्दावर विसंबून भागत नाही.

लॉहबच्या प्रश्नांत मात्र चुकीचा ऑप्शन चुकीचा का हे दरवेळी उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवून सांगता येतं. कधी वेळ लागतो, कधी दुसऱ्या दिवशी सुचतं, पण सांगता येतं. त्यामुळे एका प्रश्नावर अर्धा तास बसलं तरी तो वाया जात नाही.

स्क्रीन परीक्षेसारखीच आहे, तसाच रंगीत हायलायटर, अधोरेखित करायची सोय, नको तो ऑप्शन बाद करायची सोय, शंका असलेल्या प्रश्नावर झेंडा लावायची सोय, अक्षर मोठं करता येतं. मी एक नियम केलाय, हायलायटर फक्त निष्कर्षाला. उताऱ्यात एकच पट्टा रंगवायचा, बाकी काही नाही. आणि हा नियम निष्कर्षाच्याच प्रश्नांना नाही तर युक्तिवाद असलेल्या प्रत्येक प्रश्नाला, मग तो गृहीतकाचा असो की युक्तिवादातली चूक शोधण्याचा असो. सगळे उतारे युक्तिवाद नसतात हे पण त्यातूनच कळतं, काही ठिकाणी नुसती माहिती दिलेली असते, रंगवायला काही सापडत नाही, आणि बघितलं तर तो नेमका काय खरं असलंच पाहिजे असा प्रश्न निघतो.

टेस्ट घड्याळ लावून पण देता येते आणि आपल्या गतीने पण. माझं मत असं की सुरुवातीचे बरेच दिवस घड्याळाला हातच लावू नये. लोक पहिल्या दिवसापासून ३५ मिनिटं लावून बसतात, मार्क येतात तसे येतात, मग पुढची टेस्ट, मग पुढची, आणि पन्नास टेस्ट असल्या तरी त्या अशा उडवल्या तर काही महिन्यांत संपतात आणि हातात काही राहत नाही. एक सेक्शन घ्या, आरामात सोडवा, उत्तरं बघायच्या आधी पुन्हा एकदा सगळा सोडवा, आणि प्रत्येक उताऱ्याचा निष्कर्ष वहीत स्वतःच्या शब्दात एका ओळीत लिहा, मराठीत लिहिलात तरी चालेल. मग उत्तरं उघडा. जिथे चुकलं तिथे आधी वहीतली ओळ बघा, बऱ्याचदा चूक त्या ओळीतच सापडते, म्हणजे निष्कर्षच दुसरा धरलेला असतो किंवा बहुतेकचं सर्व झालेलं असतं.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. टेस्ट भरपूर आहेत पण शिकवणं त्या मानाने कमी. खान अकॅडमीवर आधी एलसॅटची फुकट तयारी होती, ती २०२४ मध्ये बंद झाली आणि त्यातलं साहित्य लॉहबकडे आलं, ते बघण्यासारखं आहे आणि फुकट आहे, पण प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी शेजारी बसून समजावल्यासारखं स्पष्टीकरण मिळेल अशी अपेक्षा ठेवून पैसे भरू नका. ज्यांना तशी गरज आहे त्यांनी सोबत एखादा अभ्यासाचा जोडीदार शोधावा. मी आणि ऑफिसमधली एक तेलुगू मैत्रीण आठवड्यातून एकदा फोनवर भांडतो, ती एक निष्कर्ष म्हणते मी दुसरा, आणि जी उताऱ्यातून दाखवू शकेल ती जिंकली, यातून जेवढं शिकलेय तेवढं कुठल्या व्हिडिओतून नाही. दुसरं म्हणजे इंग्रजी. उतारे छोटे असले तरी वाक्यं गुंतागुंतीची असतात, विषय कधी डायनासोर कधी करप्रणाली कधी चित्रकला, वाचनाची सवय नसेल तर निष्कर्ष शोधायच्या आधी वाक्यच सुटत नाही. त्यावर लॉहबकडे इलाज नाही, तिथे रोजचं वाचनच लागतं, अग्रलेख, स्तंभ, कोर्टाच्या निकालावरचे लेख, ज्यात कोणी काहीतरी पटवायचा प्रयत्न करतंय असं काहीही.

आता क्लॅटवाल्यांसाठी, म्हणजे भारतातल्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांसाठी, कारण नागपूरची माझी मावसबहीण क्लॅट देतेय आणि तिने विचारलं होतं की ताई मला याचा उपयोग होईल का. क्लॅट २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेली आहे, आता १२० प्रश्न १२० मिनिटांत आणि चुकीला पाव मार्क कापतात. त्यातल्या लॉजिकल रीझनिंगच्या अभ्यासक्रमात युक्तिवाद ओळखणं, त्याचे आधार आणि निष्कर्ष ओळखणं हे सरळ सरळ लिहिलेलं आहे, तेव्हा कौशल्य एकच आहे. फरक असा की क्लॅटमध्ये एक लांब उतारा, साधारण ४५० शब्दांचा, आणि त्याच्यावर अनेक प्रश्न. त्यात एकच युक्तिवाद नसतो, परिच्छेदागणिक छोटे छोटे युक्तिवाद असतात आणि ते मिळून एका मोठ्या मुद्द्याकडे जातात. एलसॅटचा छोटा उतारा म्हणजे त्यातला एक तुकडा सुटा करून दिल्यासारखा आहे. म्हणून मी तिला असं सांगितलं की लॉहबचं फुकट खातं उघड, त्यातले लॉजिकल रीझनिंगचे सेक्शन घड्याळ न लावता सोडव, एवढं तुला पुरे आहे, १२० डॉलर भरू नकोस. बाकी सराव क्लॅटच्या जुन्या पेपरांवरच कर, ते नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींच्या कन्सॉर्शियमच्या वेबसाइटवर मिळतात. आणि पेपर सोडवताना प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीने लिही की इथे लेखकाला काय पटवायचंय. क्लॅट अजून कागदावरच असते, त्यामुळे ही बाजूला लिहायची सवय तिला उपयोगीच पडेल. एमपीएससीच्या सीसॅटसाठी मात्र मी हे सुचवणार नाही, तिथे आकलनाचे उतारे आहेत पण विधान-निष्कर्षाचा प्रकार वेगळा आहे आणि तो वर्तुळं काढून वेगळाच शिकावा लागतो, दोन्ही एकत्र करायला गेलं की गोंधळ वाढतो.

स्टार द्यायचे झाले तर पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो शिकवण्याच्या बाजूसाठी. पैसे भरायची घाई करू नका, आधी फुकट टेस्ट पूर्ण पिळून घ्या, त्यातला प्रत्येक निष्कर्ष वहीत उतरवून झाला आणि तरी अजून प्रश्न हवेत असं वाटलं की मग ॲडव्हान्टेज घ्या. ते वर्षभराचं असतं, तेव्हा परीक्षेची तारीख बघून अशा हिशोबाने सुरू करा की शेवटचे दोन महिने त्यातच येतील. आणि सगळ्यात वरच्या नंबरांच्या टेस्ट, म्हणजे १५० च्या पुढच्या, त्या शेवटासाठी राखून ठेवा, त्या घड्याळ लावूनच द्यायच्या आहेत.